तीन जोड्यांचा दम

पिपरटोलीच्या शंकरपटाला माणूस येतो तो बैल पळताना बघायला. पण यंदा संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी निम्मी गर्दी बैलांकडे पाठ करून उभी होती. मूल गावाकडून, चामोर्शीकडून लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून आले होते आणि जो तो एकच विचारत होता, "त्या करंटवाल्या गाड्या कवा सुटून राह्यल्या?"

पटाच्या कमिटीनं यंदा पहिल्यांदाच बॅटरीच्या मोटरसायकलींची शर्यत ठेवली होती. मैदान बैलांचंच. मुरूम घालून दाबलेल्या, शेजारी शेजारी आखलेल्या दोन सरळ पट्ट्या. त्यांना इकडे दान म्हणतात. एका दानावर एक गाडी, दुसऱ्यावर दुसरी. झेंडी पडली की सुटायचं आणि आठशे फुटांवरची दोरी गाठायची. वळण नाही, वाट बघणं नाही, विचार करायला तर मुळीच वेळ नाही. दहा-अकरा सेकंदांत खेळ खलास.

अशा खेळात मूलच्या दोन पोरी उतरल्या होत्या. त्यातली मयुरी म्हणजे कुंताबाई मासेवालीची थोरली. चोवीस वर्षांची, आयटीआय झालेली, आणि हट्टाला अशी की बोडीतला, म्हणजे गावच्या तळ्यातला, गाळ परवडला. मोटरसायकल तिनंच बांधली होती. सांगाडा भंगारातला, मोटर नागपूरहून आणलेली, आणि बॅटरी एकेक सेल तपासून, जोडून स्वतःच्या हातानं केलेली. चालवणार होती धाकटी रीता. वय वीस, वजन बेचाळीस किलो, आणि भीती म्हणाल तर देवानं द्यायचीच विसरली होती. गाडीचं नावही रीतानंच ठेवलं होतं, मरळ. मरळ मासा गाळात निपचित पडून असतो आणि हात लागताच असा सुटतो की कुठं गेला ते पाण्यालाही कळत नाही.

मयुरीचं स्वतःचं नाव मात्र गावानं बदलून टाकलं होतं. मागच्या एप्रिलमध्ये तिनं जुन्या सेलांची एक बॅटरी अंगणात तपासायला लावली होती. मोबाईलवर आतलं तापमान अडुसष्ट दाखवत होतं. "आणखी एक मिनिट बघू," असं ती म्हणाली आणि त्या एका मिनिटात बॅटरीनं पेट घेतला. पांढरा धूर, शिटीचा आवाज, फटाफट उडणारे सेल, आणि कितीही पाणी ओतलं तरी पुन्हा पुन्हा उठणारा जाळ. माणूस कोणी भाजला नाही, पण अर्धं छप्पर गेलं आणि वाळत घातलेली दोन जाळी राख झाली. तेव्हापासून मूलच्या बाजारात तिला सगळे 'आगलावी' म्हणू लागले. पोरं तर ती दिसली की तोंडानं फायर ब्रिगेडची घंटा वाजवत.

त्यानंतर मयुरी सहा महिने नागपूरला एका बॅटरीच्या कारखान्यात राबून आली. परत आल्यावर तिनं नव्या सेलांची बॅटरी बांधली. सेलांच्या रांगांत हवा खेळायला जागा ठेवली, खाली ॲल्युमिनियमची जाड पाटी दिली, भोवती डबा, डब्याला पुढे-मागे जाळी, आणि आत एक सेन्सर, जो क्षणाक्षणाला आतलं तापमान मोबाईलवर कळवी. गाडीच्या टाकीवर तिनं लाल पेननं एक आकडा लिहून चिकटवला होता, साठ. साठाच्या वर जायचं नाही, मग समोर कोणी का असेना.

पण कुंताबाईला कोण समजावणार? ढिवराच्या घरची बाई, चढत्या वैनगंगेत डोंगा घालायला कधी कचरली नाही, पण त्या एप्रिलपासून बॅटरीच्या दहा पावलांच्या आत यायची नाही. दुधानं तोंड पोळलेली ती, ताकसुद्धा फुंकून पिणार. सकाळी टेम्पोत गाडी चढवताना तिनं दुरूनच निकाल सांगून टाकला होता.

"आयक मयुरे. आज धूर दिसला का तुहा कारखाना बंद. समदं सामान बोडीत नेऊन फेकीन. मंग माह्यासंग बाजारात बस, मासोळ्या कापाले."

"नाई दिसत धूर, आई."

"मागच्या साली बी असंच म्हणे."

 मयुरीनं गाडीची दोरी आवळली.

पहिली फेरी दुपारी एक वाजता झाली. पटाचे मुख्य पंच होते गुणवंतराव, सत्तरीला टेकलेले, तरुणपणीचे नामांकित धुरकरी, म्हणजे पटात जोडी हाकणारे. आता त्यांच्या हातात तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, जाऊन बंदूक आली होती. करोनात कपाळाला लावत तसली, तापमान मोजायची. नियमांचा कागद त्यांनी तोंडपाठ केला होता. बॅटरीचा डबा पंचेचाळीसच्या वर तापला असेल तर गाडी दानावर येणार नाही. दोरीजवळ वाळूचे ड्रम, पाण्याचा टँकर आणि बाजूला मोकळा खड्डा, गाडी पेटलीच तर ढकलून द्यायला. खड्डा खणताना कोणीतरी म्हणालंच, "आगलावीसाठी हाय का जी?" आणि मयुरीनं ते ऐकलं होतं.

झेंडी पडली आणि मरळ सुटली. आवाज काहीच नाही, नुसता सूं आणि मागे मुरमाची धूळ. समोरचा सावली गावचा गडी अर्ध्या दानावर होता तेव्हा रीता दोरीपलीकडे पोचून हात हलवत होती. एवढ्या वेगाला एवढा कमी आवाज लोकांनी कधी ऐकला नव्हता. मग लाऊडस्पीकरवरून माईकवाला आदेश ओरडला, "अरे बापा! फटफटी गेली का भूत गेलं?" आणि मैदान पेटलं. आदेश पटाच्या रात्री होणाऱ्या नाटकात विनोदी कामं करायचा आणि दिवसा पटाचा माईक सांभाळायचा. त्याची जीभ बैलांपेक्षा वेगानं धावायची.

मयुरीनं मोबाईल बघितला. निघताना सत्तावीस, पोचल्यावर चाळीस. अगदी तिच्या अंदाजाप्रमाणे. तासाभरात ते तेहतिसावर उतरणार होतं, घरी प्रत्येक चाचणीत तसंच उतरलं होतं.

उतरलं नाही. तासाभरानं दुसऱ्या फेरीला बोलावलं तेव्हा मोबाईल एकोणचाळीस दाखवत होता. "ऊन हाय," असं ती स्वतःशीच पुटपुटली. माघातलं ऊन ते काय, पण मनाला दुसरं कारण सापडेना. दुसरी फेरीही रीतानं मारली, आणि ह्या वेळी आकडा त्रेपन्नावर जाऊन बसला. बसला तो बसलाच. वीस मिनिटांनी चौपन्न!

तेवढ्यात माईक गरजला. "आता फायनल! एका दानावर मूलची मरळ, दुसऱ्या दानावर चामोर्शीचे सुरेंद्रभाऊ!"

चामोर्शीचा सुरेंद्र म्हणजे बघण्यासारखा प्रकार. काळा गॉगल, लाल जाकीट, गाडीला तयार विकत घेतलेली सीलबंद बॅटरी, आणि सेल्फी काढायला भोवती पोरांचा घोळका. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला आरशापासून लांब राहवत नव्हतं. त्याची गाडी वेगात होती हे मात्र खरं. दोन्ही फेऱ्यांत त्याची वेळ मरळीपेक्षा केसभर कमीच.

गुणवंतरावांनी बंदूक सुरेंद्रच्या डब्यावर धरली. अडतीस. "पास." मग मरळीच्या डब्यावर धरली. तेहतीस.

"पास! वा रे पोरी, तुहा डब्बा तं माठावानी थंडा हाय!" असं म्हणून त्यांनी डब्यावर हिरवी चिठ्ठी चिकटवली.

मयुरी जागच्या जागी थिजली. बाहेर तेहतीस आणि आत चौपन्न? तिनं डब्यावर तळहात ठेवला. खरंच थंड होता. मोबाईल बघितला. चौपन्न. एका धावेला तेरा-चौदा अंश वाढतात. चौपन्न आणि तेरा, सदुसष्ट. मागच्या एप्रिलपेक्षा एकच कमी.

"ताई, चाल ना!" रीतानं हेल्मेट चढवलं होतं. काचेमागे तिचे डोळे आनंदानं चमकत होते. "पास झाली ना आपली गाडी! हरवतो आज त्या गॉगलवाल्याले!"

आणि खरं सांगायचं तर मयुरीच्या मनात पाप आलं. का येऊ नये? हिरवी चिठ्ठी लागली होती. आतला आकडा फक्त तिच्या मोबाईलवर होता, तिनं स्क्रीन बंद केली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. फक्त अकरा सेकंद. कदाचित सदुसष्टाला काहीही झालं नसतं. नव्या सेलांना एवढं सोसतं, नागपूरच्या कारखान्यात तिनं स्वतः बघितलं होतं. आणि आत्ता माघार घेतली तर उद्या बाजारात काय ऐकायला मिळेल तेही तिला माहीत होतं. आगलावीची बॅटरी पुन्हा तापली. एवढं ऐकलं की आईला धूर बघायचीही गरज उरणार नव्हती.

आणखी एक मिनिट बघू. हे वाक्य तिच्या डोक्यात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. मागच्या खेपेला त्या बॅटरीवर कोणी बसलेलं नव्हतं. आज तिच्यावर रीता बसली होती.

"उतर," मयुरी म्हणाली.

"काऊन?"

"उतर म्हटलं ना! आणि दहा पावलं मागं सरक."

मग ती सरळ गुणवंतरावांकडे गेली. "भाऊ, आपली गाडी आत चौपन्नावर हाय. तुमची बंदूक खोटं नाई बोलून राह्यली, डब्बा खोटं बोलून राह्यला." आणि तिनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

गुणवंतरावांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, डब्याला हात लावला, पुन्हा आकडा वाचला. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. कोणीतरी तोंडानं घंटा वाजवली. आता बाद, असंच मयुरी धरून चालली होती.

पण म्हाताऱ्यानं माईक मागवला. "आयका रे सारे! पटाची रीत तुमाले ठाऊक हाय. जोडी दमली हे पंचाले दिसलं तं जोडी बाद. पण धुरकऱ्यानं सोता येऊन सांगितलं का बापा माही जोडी दमली, तं तिले दम भेटते. तीन जोड्या धावून होईपर्यंत! माह्या बापाच्या वक्तापासून हाय हे. बैल असो का बॅटरी असो, मुक्या जिवाचं धन्यानं नाई सांगायचं तं कोणं सांगायचं? दोन्ही गाड्याले तीन जोड्यांचा दम!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. रीत मोडली असती तर त्यांनीच पंचाला धरलं असतं. पटातल्या लोकांना हरजीत एक वेळ चालते, रीत मोडलेली चालत नाही.

"सुरेंद्रा," गुणवंतराव म्हणाले, "तूबी आपला डब्बा उघड. हवा लागू दे."

"माह्या डब्ब्याले सील हाय भाऊ. शोरूमचा माल हाय, तापत नसते तो," सुरेंद्र म्हणाला, आणि गाडी तशीच उन्हात ठेवून पुढच्या सेल्फीसाठी गॉगल पुसू लागला.

मयुरीला ते ऐकायलाही वेळ नव्हता. तीन जोड्या म्हणजे फार तर अर्धा तास. तिनं मरळ गुलमोहराच्या सावलीत ओढली, करंटचा मेन स्विच काढला, रबरी हातमोजे चढवले आणि डब्याचे चार खटके उघडले. झाकण वर केलं आणि ती बघतच राहिली.

बॅटरी आणि डबा यांच्यामध्ये हवेसाठी ठेवलेल्या दोन-दोन बोटांच्या फटींत, चारही बाजूंनी, लांबट बारक्या उशा ठासून बसवल्या होत्या. हिरव्या सुती लुगड्याच्या, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेल्या. तिनं एक उशी उपसली, बोटांत दाबली. आतून खसखस आवाज आला. धानाचा कोंडा!

भोवती जमलेले लोक खदखदून हसले. "अबे, बॅटरीले गादी टाकून देल्ली!" माईकवरून आदेशनं विचारलं, "मयुरीबाई, मोटार हाय का बाळंतीण?" हिरवं लुगडं कोणाचं ते मयुरीनं एका नजरेत ओळखलं होतं. तिनं मान वळवली. दहा पावलांवर, मोजून दहा पावलांवर, पटात मांडलेली मासोळ्यांची दुकानदारी सोडून आलेली कुंताबाई उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"ताई, मी ठेवल्या त्या," रीता हळूच म्हणाली. "सकाळी तू आंघोळीले गेल्ली तवा. आईनं शिवल्या, मी बसवल्या."

"मीच सांगितलं तिले," कुंताबाई दुरूनच म्हणाली. "तीस वर्सापासून बरफाच्या पेटीत कोंडा घालून राह्यली मी. सकाळची लादी सांजेलोक टिकते. म्या म्हटलं, तुही बॅटरी बी थंडी राहीन. मागच्या सालावानी नाई व्हावं म्हून केलं वो माय."

मयुरीच्या टाळूपर्यंत राग चढला होता. ज्या कोंड्यावर राईस मिलच्या भट्ट्या धगधगतात, तो कोंडा या दोघींनी बॅटरीला बिलगून बसवला होता! एक ठिणगी पडली असती तर त्या उशाच पेटल्या असत्या. ओरडायला तिनं तोंडही उघडलं. पण हातात ती उशी होती आणि उशीवरची शिवण तिला दिसली. दुहेरी टाके, जवळजवळ घातलेले, कोंड्याचा कण सांडू नये म्हणून. दहा पावलांच्या आत न येणाऱ्या बाईनं हे रात्रभर जागून शिवलं होतं. राग तसाच राहिला, पण ओरडणं जिरून गेलं.

"आई, कोंडा थंड करत नाई," ती म्हणाली. "तो फक्त वाट अडवते. बरफाच्या पेटीत भायेरची गरमी आत नाई येऊ देत, म्हून बरफ टिकते. इथी गरमी आतच होऊन राह्यली, आन तो तिले भायेर नाई जाऊ देऊन राह्यला."

कुंताबाईला समजायला एक क्षण लागला. "म्हंजे तापानं फणफणलेल्या पोराले म्या गोधडी पांघरली," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेला.

"हो. पण आता रडू नको. बरफ उरला का?"

"अं?"

"बरफ! पेटीत बरफ हाय का?"

"हाय ना. अर्धी लादी तशीच हाय."

"तुह्या कोंड्यानंच टिकला तो! आण लवकर. आन मासोळ्या बांधाच्या पिशव्या बी आण, नव्या कोऱ्या!"

कुंताबाई धावली. पन्नाशीची बाई, पण अशी धावली की आदेशला माईकवर सांगायला आयतंच मिळालं, "दानावर कुंताबाई! कुंताबाई! कोणाची घडी हाय का तिच्यासाठी?" इकडे दोघी बहिणींनी उशा उपसून फेकल्या. आतून भक्कन गरम वाफारा आला. तिकडे पहिली बैलजोडी सुटली, मैदान हुर्रर करून उठलं, आणि कुंताबाई पेटी डोक्यावर घेऊन आली ती दहा पावलांवर थबकली. तिथंच तिनं पेटी उतरवली आणि रीताकडे सरकवली.

मयुरीनं बत्त्यानं लादी फोडली. खडे पिशव्यांत भरायचे, हवा काढायची, गाठ मारायची, त्यावर दुसरी पिशवी, पुन्हा गाठ. "पाण्याचा एक थेंब बी आत जाता कामा नाई," ती रीताला बजावत होती. "पाणी लागलं तं उन्हापेक्षा वाईट." पिशव्या सेलांना नाही, खालच्या जाड पाटीला खालून लावायच्या. पाटी गार झाली की वरचे सेल आपोआप गार होतात, त्यासाठीच तर तिनं ती बसवली होती. रीतानं पिशव्या पाटीखाली दाबून धरल्या आणि जुन्या ओढणीनं आवळल्या. वरून मयुरी सुपानं वारा घालत होती. सूप कोणी दिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"किती?" लोक विचारू लागले. मघाशी हसणारेच आता टाचा उंचावून मोबाईलमध्ये डोकावत होते.

"एक्कावन!"

दुसरी जोडी सुटली. बैलांकडे बघायला अर्धीच माणसं उरली होती.

"सत्तेचाळीस!" कोणीतरी मागच्या माणसाला सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला, आणि आकडा गर्दीतून पसरत माईकपर्यंत पोचला. "सत्तेचाळीस, मायबाप, सत्तेचाळीस!" आदेश ओरडला. रीताची बोटं बर्फानं बधिर झाली होती, ती आलटून पालटून काखेत घालत होती आणि हसत होती. सगळ्या गाडीला कतल्याचा आणि रोहूचा वास सुटला होता. मरळ आज नावाला जागली.

तिसऱ्या जोडीनं तर उपकारच केले. निघता निघता आतला बैल बिथरला, दान सोडून गर्दीत घुसला आणि जिलेबीच्या ठेल्यापाशी जाऊन थांबला. माणसं पांगली, परात उलटली, धुरकरी बैलामागे आणि ठेलेवाला धुरकऱ्यामागे. त्या गोंधळात आठ-दहा मिनिटं फुकटात मिळाली. बैलाला कोणी हाकललं नसतं तर मयुरीनं त्याच्या पाया पडून आणखी पाच मिनिटं मागितली असती.

"एक्केचाळीस!"

मयुरीनं पिशव्या सोडल्या, पाटी कोरड्या फडक्यानं तीनदा पुसली, प्रत्येक जोड तपासला आणि डबा बंद केला. फटी मोकळ्या, जाळ्या मोकळ्या. गुणवंतराव आले ते बंदूक खिशात ठेवूनच आले.

"पैले तुहा मोबाईल दाखव."

"एक्केचाळीस हाय, भाऊ."

"आन डब्बा उघडून दाखव."

तिनं पुन्हा झाकण उघडलं. त्यांनी आतल्या पाटीवर बंदूक धरली. एकोणचाळीस. म्हाताऱ्यानं जुनी हिरवी चिठ्ठी फाडली आणि नवी चिकटवली. "आता झाली पास. मंघाची पास माही चूक होती."

दोन्ही गाड्या दानावर आल्या. सुरेंद्रची गाडी अर्धा तास उन्हात तापून, पोरांनी आलटून पालटून तिच्यावर बसून फोटो काढून आली होती. मयुरी दानाच्या कडेला, वाळूच्या ड्रमापाशी उभी राहिली. हात चिंब, आणि ओठांवर फक्त आकडे. एक्केचाळीस आणि चौदा, पंचावन्न. साठाच्या आत. साठाच्या आत.

झेंडी पडली.

रीता चांगली सुटली, पण सुरेंद्र तिच्यापेक्षा चांगला सुटला. दोनशे फुटांवर तो अर्ध्या गाडीनं पुढे. चारशेला अख्ख्या गाडीनं पुढे. चामोर्शीकडच्या ट्रॉल्या नाचायला लागल्या. रीता टाकीवर अशी झोपली होती की नुसतं हेल्मेट दिसत होतं. "गेली! गेली!" मूलवाले डोक्याला हात लावत होते. पाचशे. साडेपाचशे. आणि सहाशे फुटांवर सुरेंद्रच्या गाडीचा सूं आवाज एकदम बंद पडला.

काही फुटलं नाही, काही पेटलं नाही. आत बॅटरीचं रक्षण करणारं जे सर्किट असतं, त्यानं ताप सोसेना म्हणून करंट तोडून टाकला, एवढंच. गाडी नुसती घरंगळत राहिली. गॉगल वळवून सुरेंद्र बघेपर्यंत शेजारून एक धुळीचा लोट आणि मासोळ्यांचा वास गेला.

रीता दोरी पार करून, टँकर पार करून, कोणाच्या तरी तुरीच्या बांधाशी जाऊन थांबली. मैदानात काय झालं ते लिहून सांगण्यासारखं नाही. टोप्या उडाल्या, दुपट्टे उडाले, आदेशला शब्द सुचेनासे झाले म्हणून त्यानं माईकमध्ये नुसतीच आरोळी ठोकली. मयुरी मात्र नाचत नव्हती. ती धावत होती, मोबाईलकडे बघत. पंचावन्न. छप्पन्न. आणि छप्पन्नावर थांबलं. ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकले आणि मग तिला रडू फुटलं, मोठ्यानं, लहान पोरीसारखं, सगळ्यांच्या देखत.

सुरेंद्र गाडी ढकलत आला. गुणवंतरावांनी त्याच्या डब्यावर बंदूक धरली, चाळीस. मग त्याचं सील तोडायला लावलं. आतून सहासष्ट निघालं. सुरेंद्रनं गॉगल काढून खिशात ठेवला. "डब्बा शहाणा निघाला, भाऊ, मालकच येडा निघाला," तो म्हणाला, आणि मयुरीकडे वळून, "बाई, एखाद दिवस चामोर्शीले या. आमच्या पोरायले शिकवा हे."

गुणवंतरावांनी माईक घेतला. "पुढल्या सालापासून डब्बा उघडल्याबिगर कोणतीच गाडी पास नाई! आन आजची पैली, मूलची मयुरी!"

नुसतं मयुरी. गर्दीतून कोणी घंटा वाजवली नाही.

रीतानं मरळ ढकलत परत आणली आणि गुलमोहराखाली उभी केली. लोक येत होते, बोटांनी डबा चाचपत होते, कोमट आहे म्हणून एकमेकांना सांगत होते. कुंताबाई दहा पावलांवर उभी होती. खाली पडलेल्या हिरव्या उशा तिनं गोळा करून पोटाशी धरल्या होत्या. पहाटे चारपासून ती बाई खाली बसली नव्हती.

मग ती चालू लागली. मयुरी बघत होती. पाच पावलं, तीन, एक. कुंताबाईनं हात पुढे केला आणि मासा ताजा आहे का ते बघतात तसा उलटा हात डब्यावर टेकवला. थोडा वेळ ठेवला. मग सुलटा ठेवला. मग हळूच वळली, डब्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसली आणि पाय लांब केले.

"उरलेला बरफ पाण्यात टाक," ती मयुरीला म्हणाली. "लय तहान लागली वो."